उपेक्षित उत्तरभाग

३१ जानेवारी १९९८ रोजीं जपानांत 'रिंगु' व त्याचा उत्तरभाग 'रासेन' हे दोन चित्रपट एकाच दिवशीं प्रदर्शित झाले. दोहोंचा आधार कोजी सुझुकी यांच्या कादंबऱ्या. शापित चित्रफीत पाहणारास सातव्या दिवशीं मृत्यु येतो, हें मूळ कथासूत्र. हिदेओ नाकाता यांनीं 'रिंगु'मध्यें तो शाप गूढच ठेविला. जोजी इइदा यांनीं 'रासेन'मध्यें कादंबरीस अनुसरून त्याची उपपत्ति विषाणूंच्या आधारें लाविली. प्रेक्षकांनीं पहिला डोक्यावर घेतला, दुसऱ्याकडे पाठ फिरविली. १९९९ सालीं 'रिंगु २' निघाला. त्यांत 'रासेन'चें कथानक सर्वस्वीं बाजूस सारिलेलें होतें. मूळ ग्रंथास जागलेली कृतीच अशी मालिकेबाहेर पडली! भयाचें कारण एकदां उमगलें, कीं भय ओसरूं लागतें.