धुकें, शब्द आणि एक प्रश्न

‘ध’चा ‘मा’ झाल्याची गोष्ट प्रत्येक मराठी घरांत ठाऊक आहे. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यांत वध झाला, आणि ‘धरावें’ या शब्दाच्या जागीं कोणी ‘मारावें’ असें केलें म्हणून तो झाला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एका अक्षरानें माणसाचा जीव जाऊं शकतो हें तींतून आपण शिकलों. परंतु तेथें अक्षर बदलणाऱ्याच्या मनांत कपट होतें, असें आपण धरून चालतों. आज मी आपल्याला अशा एका स्थळाचा इतिहास सांगणार आहें कीं, जेथें विमानें चालविणाऱ्या आणि त्यांना मार्ग दाखविणाऱ्या कोणाच्याहि मनांत कपट नव्हतें. तरीहि शब्दांच्या घोटाळ्यानें शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं.

तें स्थळ म्हणजे टेनेरिफ बेटावरील लॉस रोदेओस हा विमानतळ. टेनेरिफ हें कॅनरी द्वीपसमूहांतील सर्वांत मोठें बेट. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर अटलांटिक महासागरांत असलेला हा द्वीपसमूह स्पेन देशाचा भाग आहे. बेटाच्या मध्यभागीं तेइदे नांवाचा ज्वालामुखी पर्वत असून त्याची उंची बारा हजार फुटांहून अधिक आहे. हवा सौम्य, ऊन भरपूर. त्यामुळें उत्तर युरोपांतील थंडीला कंटाळलेले लोक येथें सुटी घालविण्यास येतात.

विमानतळ मात्र समुद्रकांठीं नाहीं. तो बेटाच्या उत्तर भागांत, ला लागुना या जुन्या शहराजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारें दोन हजार फुटांवर आहे. आपलें लोणावळें साधारण याच उंचीवर आहे. आषाढांत तेथें ज्यांनीं मुक्काम केला असेल, त्यांना निराळें वर्णन करून सांगावयास नको. ईशान्येकडून वाहणारे वारे समुद्रावरची दमट हवा डोंगरावर चढवितात, तिचे ढग बनतात, आणि तेच ढग धावपट्टीवरून सरपटत जातात. आतां लख्ख ऊन आहे असें म्हणावें, तों कांहीं मिनिटांत समोरचें विमान दिसेनासें व्हावें, असा तेथील प्रकार.

या धुक्यानें आपला हिस्सा पूर्वींच वसूल करण्यास आरंभ केला होता. १९६५ च्या मे महिन्यांत स्पेनच्या आयबेरिया कंपनीचें एक विमान धुक्यांत उतरण्याचा दुसऱ्यांदा प्रयत्न करीत असतां कोसळलें आणि तीस माणसें दगावलीं. १९७२ च्या डिसेंबरांत जर्मन प्रवाशांना घेऊन म्युनिककडे निघालेलें स्पान्टाक्स कंपनीचें विमान दाट धुक्यांत जमीन सोडतांच आवरेनासें झालें; त्यांतील १५५ जणांपैकीं एकहि वांचला नाहीं. येथवर दोष धुक्याला देऊन आपण मोकळे होऊं शकतों. पुढची हकीकत तशी नाहीं.

ती २७ मार्च १९७७ ची. मी त्या वर्षीं शाळेच्या अखेरच्या वर्गांत होतों. त्याच आठवड्यांत दिल्लीस नवें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें होतें. त्या गडबडींतहि, जमिनीवरच दोन विमानांची टक्कर होऊन इतकीं माणसें मेलीं, ही बातमी वाचून आमच्या घरांतील वडील मंडळी स्तब्ध झालीं होतीं, हें मला आठवतें. आकाश एवढें मोठें असतांना विमानें जमिनीवर कशीं आदळतात, हा माझा बालिश प्रश्न होता. त्याचें उत्तर मला पुष्कळ वर्षांनीं मिळालें.

त्या रविवारीं शेजारच्या ग्रान कानारिया बेटावरील विमानतळावर एका बंडखोर चळवळीनें ठेवलेला बाँब फुटला. दुसराहि ठेवला असल्याची धमकी आली, म्हणून तो विमानतळ बंद करून तिकडे जाणारीं विमानें लॉस रोदेओसकडे वळविण्यांत आलीं. येथें धावपट्टी एकच. विमानांची इतकी दाटी झाली कीं, धावपट्टीशेजारून जाणारी वाटहि त्यांनीं अडवून टाकली. त्यामुळें निघणाऱ्या विमानानें धावपट्टीवरूनच चालत शेवटच्या टोंकाला जावें, तेथें वळावें आणि उड्डाण करावें, अशी व्यवस्था करावी लागली.

या गर्दींत दोन प्रचंड बोइंग ७४७ विमानें होतीं. एक डच के. एल. एम. कंपनीचें, ॲम्स्टरडॅमहून आलेलें. त्यांत प्रवासी व नोकरवर्ग मिळून २४८ माणसें होतीं. दुसरें अमेरिकेच्या पॅन अमेरिकन कंपनीचें. त्यांत ३९६ माणसें होतीं, व त्यांतील बहुतेक प्रवासी समुद्रपर्यटनास निघालेले वृद्ध स्त्रीपुरुष होते. बंद विमानतळ पुन्हां उघडला, तेव्हां अमेरिकन विमान निघण्यास सिद्ध होतें. परंतु पुढें उभ्या असलेल्या डच विमानानें त्याच वेळीं पंचावन्न हजार लिटर तेल भरून घेण्याचें ठरविलें होतें. बाजूनें निघून जावें तर जागा अवघी बारा फूट कमी पडत होती. अमेरिकन विमान थांबलें. आणि थांबलें तेवढ्यांत ढग खालीं आले.

डच विमानाचा कप्तान याकोब फेल्डहौझन फान झान्टेन हा त्या कंपनीचा मोठा नामांकित वैमानिक. या जातीचीं विमानें चालविण्यास इतरांना शिकविणारा तो प्रमुख शिक्षक होता. कंपनीच्या जाहिरातींत त्याचें छायाचित्र छापलें जात असे. शेजारीं बसलेल्या सहवैमानिकाला या विमानाची पात्रता अलीकडेच त्याच्याच हातून मिळाली होती. श्रोतेहो, हा गुरुशिष्यांचा संबंध आपण ध्यानांत ठेवावा. आणखी एक गोष्ट. वर्गांतल्या कृत्रिम विमानांत शिकवितांना उड्डाणाची परवानगी शिक्षक स्वतःच देत असतो. तेथें दुसऱ्या कोणाची वाट पाहावी लागत नाहीं. शिवाय नोकरवर्गाच्या कामाच्या तासांविषयीं हॉलंडांत कडक नियम झाले होते, आणि आणखी उशीर झाला असता तर मुक्काम तेथेंच करावा लागला असता. तेव्हां घाईहि होती.

डच विमान टोंकाला जाऊन वळलें. त्याच्या मागून अमेरिकन विमान त्याच धावपट्टीवरून चालत येत होतें. तिसऱ्या वाटेनें बाहेर पडा, अशी त्याला सूचना होती. परंतु धुक्यांत ती वाट सोडून तें पुढच्या वाटेकडे निघालें होतें. मनोऱ्यावरच्या नियंत्रकाला दोहोंपैकीं एकहि विमान दिसत नव्हतें, आणि जमिनीवरचीं विमानें दाखविणारें यंत्र तेथें नव्हतें. सगळा व्यवहार केवळ बिनतारी शब्दांवर चालला होता.

कप्तानानें यंत्रांचा वेग वाढविला. सहवैमानिक म्हणाला, “अजून परवानगी मिळालेली नाहीं.” कप्तानानें हात आखडता घेतला व म्हटलें, “ठाऊक आहे. विचारून घ्या.” सहवैमानिकानें विचारलें. नियंत्रकानें उड्डाणानंतर कोणत्या मार्गानें जावें तें सांगितलें. तें सांगतांना ‘टेक्-ऑफ’ हा शब्द त्याच्या बोलण्यांत आला. ती मार्गाची अनुज्ञा होती, उड्डाणाची नव्हती. सहवैमानिक ती परत म्हणून दाखवीत असतांनाच कप्तान “आपण निघालों” असें म्हणून विमान हांकूं लागला. सहवैमानिकानें घाईघाईनें शेवटीं जोडलें, “आम्ही आतां टेक्-ऑफवर आहों.” नियंत्रकानें याचा अर्थ, उड्डाणाच्या जागीं सिद्ध होऊन उभे आहेत, असा घेतला. तो म्हणाला, “ओके”, आणि क्षणभर थांबून पुढें म्हणाला, “थांबा, मी सांगेन तेव्हां निघा.” त्याच क्षणीं अमेरिकन वैमानिकहि ओरडून सांगत होता कीं, आम्ही अजून धावपट्टीवरच आहों. दोन संदेश एकाच वेळीं एकाच लहरीवर आले म्हणजे ऐकणाऱ्याला नुसती शीळ ऐकूं येते. डच विमानांत स्पष्ट पोहोंचला तो एकच शब्द, “ओके.”

तरीहि दैवानें अजून एक संधि दिली होती. पुढच्याच क्षणीं नियंत्रकानें अमेरिकन विमानाला, धावपट्टी मोकळी केली म्हणजे कळवा, असें सांगितलें, आणि त्यानें, कळवितों, असें उत्तर दिलें. हें बोलणें डच विमानांत ऐकूं गेलें. मागें बसलेल्या यंत्रज्ञाच्या कानांनीं तें टिपलें. त्यानें विचारलें, “तें विमान बाहेर पडलें नाहीं कां?” कप्तान ठामपणें उत्तरला, “पडलें तर!” यंत्रज्ञानें पुन्हां विचारलें नाहीं.

कांहीं सेकंदांतच धुक्यांतून समोर अमेरिकन विमान दिसलें. त्याच्या कप्तानानें तें डावीकडे गवतावर घालण्याचा प्रयत्न केला. डच कप्तानानें आपलें विमान शेंपूट जमिनीला घांसेपर्यंत वर उचललें. तेलाचा भार नसता तर कदाचित् तें निसटलें असतें. तें वरून आदळलें, पुढें जाऊन पडलें आणि पेटलें. त्यांतील २४८ पैकीं कोणीहि वांचलें नाहीं. अमेरिकन विमानांतील ३३५ माणसें गेलीं, ६१ वांचलीं. एकूण ५८३. विमानांच्या अपघातांत इतका मोठा मनुष्यसंहार आजवर दुसरा झालेला नाहीं.

येथें मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. कारण ती मनांत नसती तर हा इतिहास मीं इतक्या आस्थेनें वाचला नसता. ऐन श्रावणांत आमच्या शाळेची सहल पन्हाळगडास गेली होती. पाऊस आणि धुकें यांनीं गड वेढला होता. परत निघण्यास उशीर झालेला, मी चिडलेला. सर्व मुलें मोटारींत बसल्यावर आमच्या वृद्ध शिपायानें विचारलें, “गुरुजी, पोरं समदी चढली न्हवं?” मीं मान न वळवितां म्हटलें, “चढलीं, चढलीं. निघूं या आतां.” वाघबिळापर्यंत उतरल्यावर हजेरी घेतली, तों एक मुलगा कमी. गाडी फिरविली. तो तीन दरवाज्यापाशीं भिंतीला टेंकून, भिजून, थरथरत उभा होता. देवाची कृपा म्हणून त्याला इजा झाली नाहीं. शिपाई मला म्हणाला, “मला येक कमी वाटत हुतं. पर तुमीच म्हनालात म्हटल्यावर मी काय बोलनार?”

ज्या रात्रीं मीं त्या यंत्रज्ञाचा प्रश्न प्रथम वाचला, त्या रात्रीं मला तो शिपाईच आठवला. कप्तान दुष्ट नव्हता, बेपर्वाहि नव्हता. पहिला इशारा त्यानें मानलाच होता. परंतु शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला, आपल्याला कोणी प्रश्न विचारला म्हणजे तो उत्तर मागण्यासाठींच विचारला, असें वाटण्याची संवय जडते. तो प्रश्न नसून इशारा आहे, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. आणि विचारणारा धाकटा असेल, तर तो एकदांच विचारतो.

स्पॅनिश चौकशींत मुख्य दोष परवानगीवांचून निघालेल्या कप्तानाकडे आला. डच बाजूनें दोन्हीकडून झालेल्या गैरसमजावर भर दिला. परंतु जगानें दोहोंचाहि बोध घेतला, ही समाधानाची गोष्ट आहे. उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देतांना अथवा ती रद्द करतांनाच ‘टेक्-ऑफ’ हा शब्द उच्चारावा, एरव्हीं ‘प्रस्थान’ या अर्थाचा निराळा शब्द वापरावा, असा दंडक पडला. महत्त्वाच्या सूचनेला नुसतें ‘ओके’ न म्हणतां ती सूचनाच परत म्हणून दाखवावी लागते. आणि वैमानिकांना एक नवें शिक्षण देण्यास आरंभ झाला: कनिष्ठानें शंका स्पष्ट बोलून दाखवावी आणि वरिष्ठानें ती ऐकून घ्यावी, याचें. १९७८ सालीं बेटाच्या दक्षिणेस, ढगांच्या वाटेबाहेर, नवा विमानतळहि सुरू झाला.

इतकें होऊनहि जुन्या विमानतळाचा भोग संपला नव्हता. २५ एप्रिल १९८० रोजीं मँचेस्टरहून आलेल्या ब्रिटिश विमानाला नियंत्रकानें आकाशांत घिरट्या घालीत थांबण्यास सांगितलें. त्याच्या मनांत ‘डावीकडे वळणें घ्या’ असें होतें. तोंडून निघालें ‘डावीकडे वळण घ्या’. इंग्रजींत हा भेद शब्दाच्या अखेरच्या एका ‘स’काराचा आहे. वैमानिकांनीं एकच वळण घेतलें आणि विमान डोंगराकडे गेलें. ही घिरटी विचित्र दिसते, असें ते आपसांत बोलले होते. मनोऱ्याला मात्र त्यांनीं विचारलें नाहीं. डोंगरावर आदळून १४६ माणसें मेलीं. एका अक्षराचा दोष, आणि न विचारलेला एक प्रश्न.

टेनेरिफ बेटावर आतां १९७७ च्या मृतांचें एक स्मारक आहे. २००७ सालीं उभारलेला तो एक वर चढत जाणारा नागमोडी जिना आहे, आणि तो मध्येंच अंतराळांत संपतो. पाहणाऱ्याला वाटावें, पुढची पायरी कोणी काढून घेतली?

श्रोतेहो, आपल्यापैकीं विमान हांकणारे थोडेच असतील. परंतु घर, वर्ग, कचेरी यांपैकीं कशाचें ना कशाचें सुकाणूं आपणां प्रत्येकाच्या हातीं आहे. धुकें कोणाला चुकत नाहीं. अशा वेळीं मागच्या बांकावरून कोणी हळूच विचारील, “सगळे आले ना?” तेव्हां उत्तर देण्यापूर्वीं एकदां मान वळवून पाहावें. माझ्या त्या शिपायाचे मीं त्या दिवशीं आभार मानले नाहींत. तें राहून गेलेलें काम आज आपणांसमक्ष पुरें करतों.