बेलीक: तळावरच्या शिक्क्यांतून उलगडणारा इतिहास

आयर्लंडमधल्या बेलीक गावच्या भांड्याचा काळ ठरवायचा तर भांडे आधी पालथे करून पाहावे लागते. तळाला वुल्फहाउंड जातीचा कुत्रा, गोल मनोरा, वीणेसारखे हार्प हे वाद्य, शॅमरॉकची तीन दलांची पाने आणि खाली ‘बेलीक’ एवढीच अक्षरे असतील, तर ते भांडे १८६३ ते १८९० या काळातले. त्याच अक्षरांखाली ‘काउंटी फर्मानाग, आयर्लंड’ असा मजकूर आला असेल, तर १८९१ पासूनचे. हा जास्तीचा मजकूर का आला, या प्रश्नाचा माग काढत गेले की एका गावाच्या नावाचे पुढे काय काय झाले ते कळत जाते.

इंग्रजीत ‘बेलीक’ दोन अर्थांनी वापरलेले आढळते. पहिल्या अर्थाने ते अर्न नदीकाठच्या बेलीक गावात घडलेले भांडे. दुसऱ्या अर्थाने, घडणीचे गाव कोणतेही असो, पातळ अंगाचे, सायीच्या रंगाचे, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी झाक असलेले भांडे. दुसरा अर्थ पहिल्यातून फुटला आणि अखेर न्यायालयात अडवला गेला.

जॉन कॅल्डवेल ब्लूमफील्ड यांच्याकडे कॅसल कॅल्डवेलची जहागीर १८४९ मध्ये आली. बटाट्याच्या दुष्काळाने तेव्हा आयर्लंड उद्ध्वस्त झाले होते आणि कुळांच्या हाताला काम नव्हते. शेतकऱ्यांच्या घरांचा चुना विलक्षण पांढरा दिसला, म्हणून ब्लूमफील्डनी जमिनीचा शोध घेतला, अशी कथा सांगतात. ती परंपरेने आलेली आहे आणि तशीच वाचावी. भक्कम आधार आहे तो तिथल्या खनिजांचा. जहागिरीत फेल्डस्पार आणि केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, दोन्ही सापडले. केओलिन भांड्याला आकार आणि पांढरेपणा देते, तर फेल्डस्पार भट्टीत वितळून काचेसारखा होतो आणि सगळे कण सांधतो. महाडहून भोरकडे जाताना वरंध घाटात जो काळा बेसाल्टचा कातळ लागतो, त्यातून पोर्सेलीनसाठी लागणारा असा पोटॅशयुक्त फेल्डस्पार काढता येत नाही. कारखाना बेलीकलाच का उभा राहिला, याचे निम्मे उत्तर तिथल्या दगडात आहे.

उरलेले उत्तर माणसांत आहे. वास्तुविशारद रॉबर्ट विल्यम्स आर्मस्ट्राँग यांनी कला सांभाळली, डब्लिनचे व्यापारी डेव्हिड मॅकबर्नी यांनी भांडवल घातले, आणि १८५७ मध्ये कारखान्याची उभारणी ठरली. १८ नोव्हेंबर १८५८ रोजी ब्लूमफील्ड यांच्या पत्नीच्या हस्ते कोनशिला बसली.

सुरुवातीचा माल पाहिला तर आजच्या अर्थाचे बेलीक त्यात दिसत नाही. खलबत्ते, हात धुण्याची भांडी, रुग्णालयातली पात्रे, फरशा, तारायंत्राच्या खांबांवरची विद्युतरोधके असा रोजच्या उपयोगाचा जाड माल तिथे निघे. तेव्हा ‘बेलीक’ हे नाव निव्वळ गावाचे होते, कारागिरीचा कोणताही खास प्रकार त्यातून सूचित होत नव्हता.

पेरियन या मिश्रणाचा माल १८६३ पासून निघू लागला. पेरियन हा इंग्लंडमधल्या स्टोक परिसरात १८४० च्या दशकात तयार झालेला पोर्सेलीनचा प्रकार. ग्रीसमधल्या पॅरोस बेटाच्या संगमरवरासारखा दिसतो म्हणून त्याला हे नाव पडले, आणि तो मुख्यतः बिनझिलईच्या पुतळ्यांसाठी वापरत. स्टोकच्या गोस कारखान्यातून विल्यम ब्रॉमलींसारखे कसबी कारागीर बेलीकला आले. मोत्यासारख्या झिलईचे पेटंट ब्रियाँशों नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८५७ मध्येच ब्रिटनमध्ये घेतले होते. बिस्मथचा क्षार वापरून ती झाक येई. पुतळ्यांचे मिश्रण आणि ही झाक चहाच्या पातळ कपबशांवर एकत्र आली, ही बेलीकची खरी कमाई. १८६५ च्या डब्लिन प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळाले. पुढे एनिस्किलेन ते बंडोरन रेल्वे गावातून धावू लागली आणि कोळसा आणणे व माल पाठवणे सोपे झाले.

विणलेल्या टोपल्या हा तिथला सर्वांत कठीण प्रकार. मातीच्या बारीक दोऱ्या हाताने एकमेकींवर आडव्या-तिरक्या ठेवून तळ विणतात आणि काठावर एकेक पाकळी करून फुले बसवतात. अशा जाळीदार तळावर छापील शिक्का उमटत नाही, म्हणून मातीच्याच छोट्या पट्टीवर नाव दाबून ती तळाला चिकटवतात. तळाचे पदर मोजूनही काळाचा अंदाज येतो, कारण जुन्या टोपल्या तीन पदरी आहेत, नंतरच्या चार पदरी.

अर्थाची दुसरी फांदी अमेरिकेत फुटली. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या ‘ऑट अँड ब्रूअर’ कारखान्याने १८८० च्या दशकात बेलीकहून ब्रॉमली घराण्यातलेच कारागीर नेले आणि तसाच माल काढून त्याला बेलीक म्हटले. विलेट्स आणि पुढे लेनॉक्स नावाने ओळखली गेलेली कंपनी, या दोघीही त्याच वाटेने गेल्या. एडविन ॲटली बार्बर यांनी १८९३ मध्ये अमेरिकी कुंभकामाचा इतिहास लिहिला, त्यात बेलीक हे एका प्रकारचे नाव म्हणून आले आहे. हात तेच, घडण तीच, आणि गाव मात्र समुद्रापलीकडे.

आता दुसऱ्या शिक्क्याचा उलगडा होतो. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर उत्पादक देशाचे नाव सक्तीचे केले, आणि ती सक्ती मार्च १८९१ पासून लागू झाली. शिक्क्यातला बदलही त्याच वर्षीचा. कायद्याने मागितले होते फक्त देशाचे नाव. काउंटीचे नाव कारखान्याने आपणहून घातले, यावरून गावाची ओळख जपण्याची निकड तिथे किती जाणवत होती, हे अनुमान करता येते. १९२६ च्या तिसऱ्या शिक्क्यात ‘आयर्लंडमध्ये घडवलेले’ असे आयरिश भाषेत आले. आयर्लंडची फाळणी होऊन फर्मानाग ब्रिटिश राज्यातच राहिले होते, तरीही. १९२९ मध्ये ओहायोतल्या ‘मॉर्गन बेलीक चायना कंपनी’विरुद्धच्या दाव्यात आयरिश कारखाना जिंकला, आणि अमेरिकेत हे नाव त्याच्याकडे राहिले.

चीनला असा दावा कधीच करता आला नाही. खुर्ज्याची बरणी असो वा मोरबीची, मराठी घरात ती ‘चिनी मातीची’च. देशाचे नाव पदार्थाचे होऊन गेले आणि मूळ कारागीर त्यातून नाहीसा झाला. मालाचे नाव त्याच्या मूळ प्रदेशापुरते राखणारा भौगोलिक मानांकनाचा कायदा आपल्याकडे १९९९ मध्ये झाला आणि २००३ पासून लागू आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये ते संरक्षण महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी मिळाले. तरी २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला मूळ न सांगता मांडल्या, आणि टीका झाल्यावर भारतीय कारागिरांचे ऋण मान्य केले. आपल्या रायगड जिल्ह्यात अलिबागच्या पांढऱ्या कांद्यालाही हे मानांकन आहे.

बेलीकच्या शिक्क्यांतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. गावाचे नाव जपायचे तर कारागिराने प्रत्येक नगावर ते स्वतः उमटवावे लागते आणि ते उमटवल्याचा पुरावा पिढ्यान् पिढ्या सांभाळावा लागतो. बेलीक १८६३ पासून आपले नाव उमटवत आले होते, आणि १९२९ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. आपल्या विणकरांनी, चर्मकारांनी आणि शेतकऱ्यांनी आपल्या वह्या, पावत्या आणि ठसे आजपासूनच जपले पाहिजेत.