कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि वार्धक्य

पाळीव कुत्र्याची प्रजननक्षमता शस्त्रक्रियेने कायमची बंद करणे म्हणजे निर्बीजीकरण. रोजच्या बोलण्यात नसबंदी. नराचे दोन्ही वृषण काढतात, मादीचे अंडाशय आणि बहुधा गर्भाशयही. त्यामुळे पिल्ले होणे थांबते, तसेच लिंगसंप्रेरके तयार होणेही थांबते. शस्त्रक्रिया कोणत्या वयात करावी हा वाद आहे तो या दुसऱ्या परिणामामुळे. कारण वर्षभराच्या कुत्र्यासाठी घेतलेल्या निर्णयाची बरीवाईट फळे त्याला दहाव्या वर्षी दिसतात.

अनेक वर्षे ‘सहाव्या महिन्यात’ हे एकच उत्तर दिले जाई. मादी पहिल्यांदा माजावर येण्याआधी शस्त्रक्रिया उरकावी, हा त्यामागचा हेतू. 1969 साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवले, की पहिल्या माजाआधी निर्बीज केलेल्या मादीत स्तनग्रंथींच्या कर्करोगाचा धोका इतर माद्यांच्या तुलनेत जेमतेम 0.5 टक्के उरतो, एका माजानंतर 8 टक्के आणि दोन किंवा अधिक माजांनंतर 26 टक्के. हे आकडे पुढे पाठ्यपुस्तकांत कायमचे बसले. 2012 मध्ये ब्रिटनमधील अभ्यासकांनी या विषयावरील सगळे संशोधन पुन्हा तपासले, तेव्हा पुरावा समजला जातो तितका भक्कम नसल्याचे त्यांनी नोंदवले. संरक्षण मिळते हे पशुवैद्य आजही मानतात. ते नेमके किती, याबद्दल मात्र सावधपणे बोलतात.

दुसरी बाजू हाडांची. लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात आणि त्या मिटण्याचा संदेश लिंगसंप्रेरके देतात. संप्रेरके लवकर बंद झाली, तर हाडे थोडी जास्त काळ वाढत राहतात आणि सांध्यांची जुळणी बिघडू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील गटाने 2013 मध्ये गोल्डन रिट्रीव्हरचा आणि 2020 मध्ये 35 जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. जर्मन शेफर्डमध्ये लवकर निर्बीजीकरण झाल्यास सांध्यांचे विकार बरेच वाढलेले दिसले; म्हणून या जातीसाठी दोन वर्षांपर्यंत थांबण्याचा सल्ला त्यांनी दिला. लॅब्रॅडॉर नराबाबत सहा महिन्यांनंतर, मादीबाबत वर्षानंतर, असे त्यांचे मत. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींत सांध्यांचा धोका वाढलेला आढळला नाही. संकरित कुत्र्यांत प्रौढ वजन 20 किलोंच्या पुढे जाणार असेल, तर वर्षाआधी शस्त्रक्रिया टाळावी असे दिसते. आपल्याकडील गावठी कुत्र्यासाठीही वजनाचाच निकष धरणे शहाणपणाचे.

मात्र मोठ्या जातीची मादी आहे म्हणून निर्णय वर्षानुवर्षे लांबवणे हाही धोकाच आहे. स्वीडनमधील विमा-नोंदींनुसार निर्बीज न केलेल्या माद्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याच्या माद्यांना दहा वर्षांच्या आत गर्भाशयात पू होण्याचा आजार होतो. माज संपून महिना-दोन महिने झालेले असतात. कुत्री पाण्याचे भांडे पुन्हा पुन्हा रिकामे करते, जेवण हुंगून बाजूला होते, शेपटीखाली सतत चाटत राहते. अंथरुणावर घाण वासाचे डाग पडतात. गर्भाशयाचे तोंड मिटलेले असेल, तर डागही दिसत नाहीत आणि विष अंगात भिनत जाते. अशी लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

नराच्या बाबतीत घाईचे कारण क्वचितच असते. एखादा वृषण पोटातच राहिला असेल, तर त्यात गाठ होण्याचा धोका मोठा, म्हणून तो काढलाच पाहिजे. शस्त्रक्रियेमुळे भटकणे, इतर कुत्र्यांवर चढणे, जागोजागी मुतून खुणा करणे सहसा कमी होते. उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी सुजण्याचा त्रासही टळतो. भीतीपोटी चावणारा कुत्रा मात्र याने शांत होईलच असे नाही, उलट कधी अधिक भित्रा होतो. शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे नर फलनक्षम असू शकतो, हे घरात मादी असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

रस्त्यावरील कुत्र्यांचा हिशेब वेगळा. भारतात प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 नुसार त्यांना पकडून निर्बीजीकरण आणि रेबीजचे लसीकरण केले जाते. निर्बीज झाल्याची खूण म्हणून कानाला खाच पाडतात. तिथे संख्या आटोक्यात ठेवणे हाच मुख्य हेतू असल्याने जातीनुसार वय ठरवण्याची चैन परवडत नाही.

मादी माजावर असताना रक्तवाहिन्या भरलेल्या असतात, त्यामुळे माजानंतर दोन-तीन महिने थांबून शस्त्रक्रिया करणे बरे. आधी रक्ततपासणी करावी. महाराष्ट्रात गोचीड ताप सर्रास आढळतो आणि त्यात रक्त गोठवणाऱ्या पेशी घटतात. शस्त्रक्रियेनंतर दहा ते चौदा दिवस गळ्यात नरसाळे आणि उड्या मारण्यास बंदी.

निर्बीज कुत्र्याची अन्नाची गरज घटते, भूक मात्र वाढते, आणि वार्धक्यातल्या बऱ्याच त्रासांचे मूळ इथे असते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात 48 लॅब्रॅडॉरच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न जन्मभर दिले. कमी खाणारे सरासरी 1.8 वर्षे जास्त जगले आणि त्यांच्यात संधिवाताचा त्रास उशिरा सुरू झाला. कोणत्याही महागड्या पूरक औषधाने इतके साधत नाही. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटांना लागाव्यात, ही घरची कसोटी पुरेशी आहे.

वार्धक्य कधी सुरू होते हे आकारावर ठरते. ग्रेट डेन सहाव्या-सातव्या वर्षी म्हातारा होतो, पॉमेरेनियन दहाव्यानंतर. त्यामुळे कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हे गणित चुकीचे आहे. त्याहून घातक आहे ते ‘आता वय झालं त्याचं’ हे वाक्य. कुत्रा दुखण्याने क्वचितच ओरडतो. गुळगुळीत टाइल्सवरून उठताना पुढचे पाय रोवून मागचा भाग ओढत आणणारा, मध्येच पाय फाकले की पुन्हा बसकण मारणारा, मनगट चाटून चाटून तिथले केस तांबूस करणारा लॅब्रॅडॉर दुखणे सांगतच असतो. त्याला पशुवैद्याने दिलेल्या वेदनाशामकांनी खरोखर आराम पडतो. घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी मात्र कधीही देऊ नये. त्याने जठर फाटते, मूत्रपिंडे निकामी होतात. टाइल्सवर सतरंजी किंवा गोणपाट अंथरावे, नखे कापलेली ठेवावीत, एकाच लांब फेरीऐवजी दोन-तीन छोट्या फेऱ्या माराव्यात.

डोळ्यांत निळसर झाक आली की मोतीबिंदू झाला असे समजतात. बहुतेकदा ते भिंगाचे वयानुसार घट्ट होणे असते आणि नजर बऱ्यापैकी शाबूत राहते. एकाएकी मान कलून कुत्रा गोल फिरू लागला, तर अर्धांगवायू झाला म्हणून लोक आशा सोडतात. तो कित्येकदा अंतर्कर्णाशी निगडित तोल जाण्याचा विकार असतो आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. रात्री येरझारा, कोपऱ्यात अडकून उभे राहणे, घरात लघवी होणे ही मेंदूच्या झिजेची चिन्हे असू शकतात. एका अमेरिकी पाहणीत 11-12 वर्षांच्या 28 टक्के आणि 15-16 वर्षांच्या 68 टक्के कुत्र्यांत ती आढळली. अशा कुत्र्याला रागावू नये. घरातले सामान हलवू नये आणि रात्री मंद दिवा ठेवावा.

सातव्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी वजन, दात, रक्त, लघवी आणि हृदय तपासावे. गाढ झोपेत श्वास मिनिटाला 30 च्या वर जाऊ लागले, तर हृदयाची तपासणी लगेच करावी.

उपचारांनी वेदना आटोक्यात येत नसतील, कुत्रा खात नसेल, स्वतःच्या घाणीतून उठू शकत नसेल, तर इंजेक्शन देऊन शांतपणे मरण देण्याचा मार्ग पशुवैद्य सुचवतात. आधी गुंगी देतात, मग शेवटचे औषध. हा निर्णय मध्यरात्रीच्या धावपळीत घेण्यापेक्षा घरातल्या सर्वांनी आपल्या पशुवैद्याशी आधीच बोलून ठेवावे.