वधूच्या माथ्यावरील फुले

फाल्गुनात भंडाऱ्याहून पवनीकडे निघाले की अड्याळच्या परिसरात पळस फुललेला दिसतो. झाडावर पान नाही, नुसता केशरी बहर. जोडीला काटेसावर आणि पांगारा असतातच. एवढे वैभव दारात असताना, हल्ली छायाचित्रकार, वेशभूषाकार आणि पुष्परचनाकार एकत्र येऊन वधूच्या छायाचित्रांसाठी जो वसंत उभा करतात, त्यात मात्र शीतगृहातील कार्नेशन आणि जरबेरा असतात. पळसाला गंध नाही, तोडल्यावर तो टिकतही नाही, हे खरे. परंतु आम्हां ख्रिस्ती लोकांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पळस फुलतो तो बहुधा प्रायश्चित्तकाळात आणि त्या दिवसांत आमच्याकडे लग्ने लावीत नाहीत. वेदीवरसुद्धा त्या काळात फुले ठेवत नाहीत. चौथा रविवार आणि मोठे सण तेवढे वगळायचे.

राखेच्या बुधवारापासून पास्काच्या अष्टकापर्यंत विवाहाचा थाटमाट करू नये, हा नियम १५६३ साली ट्रेंट परिषदेने कायम केला. विवाहाविषयीच्या त्याच निर्णयात परिषदेने आणखी एक गोष्ट सांगितली आहे, तिच्याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही: एखाद्या प्रांतात विवाहाच्या काही स्तुत्य चालीरीती असतील, तर त्या अवश्य राखाव्यात.

फुलांना सुरुवातीला ख्रिस्तसभेत विरोध झाला होता, हे नाकारता येत नाही. सुमारे २११ साली तेर्तुल्लियन याने पुष्पमुकुटांविरुद्ध एक पुस्तिकाच लिहिली. फुले पाहण्यासाठी व हुंगण्यासाठी असतात, डोक्याला ना डोळे ना नाक, मग ती डोक्यावर कशाला, असा त्याचा युक्तिवाद. (आमच्या आज्यांच्या अंबाड्यावरील वेणी त्याने पाहिली नव्हती, हे बरेच झाले.) चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जॉन क्रिसोस्तोम यांनी मात्र वधूवरांच्या मुकुटाला वासनांवरील विजयाचे चिन्ह मानले. पूर्वेकडील ख्रिस्तसभांत विवाहमुकुट आजही घातले जातात.

आपल्या किनाऱ्यावर मात्र उलटे घडले. १४ एप्रिल १७३६ रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने फर्मान काढून लग्नघरच्या अनेक रीतींवर बंदी घातली. अ. का. प्रियोळकरांनी आपल्या ग्रंथात त्याचा तपशील दिला आहे. वधूवरांना हळद लावणे, विडे वाटणे, एकमेकांच्या घरी फुले पाठविणे, हे सारे निषिद्ध ठरले. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच परिषदेने जे राखावे म्हटले होते, तेच तिच्या नावाने चालणाऱ्या सत्तेने गुन्हा ठरविले! तीनच वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, वसई मराठ्यांच्या हाती गेली. आणि गोव्यातही फर्मानाला लोकांनी किती जुमानले, ते ख्रिस्ती स्त्रियांच्या केसांतील अबोली आणि जाई सांगतात. इकडे उत्तर कोकणातही लग्नाच्या आदल्या दिवशीचे उंबराचे पाणी आमच्या लोकांनी सोडले नाही.

मग पांढरा झगा आणि पांढऱ्या फुलांचा मुकुट हा ‘ख्रिस्ती’ वेष झाला कसा? त्याचे मूळ धर्मशास्त्रात नाही. १० फेब्रुवारी १८४० रोजी इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया विवाहाला उभी राहिली ती पांढऱ्या सॅटिनच्या पोशाखात, माथ्यावर संत्र्याच्या फुलांचा मुकुट घालून. त्या चित्राने जग भारून गेले. ताजी फुले मिळेनात, तेव्हा मेणाची होऊ लागली. पुढे १८८७ साली, याच राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, मुंबईत ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. आमच्या एका मोठ्या समाजाने आपले नाव इंग्रजी राजवटीशी जोडून घेतले, त्या काळात वधूचा वेषही तिकडचाच प्रतिष्ठेचा वाटू लागला, यात नवल काय? आम्ही झग्याला नावे ठेवीत नाही. परंतु त्यावाचून विवाहसंस्कार अपुरा वाटतो, असे जेव्हा एखादी माउली म्हणते, तेव्हा मात्र हा इतिहास सांगावासा वाटतो.

गंमत अशी की ज्या फुलासाठी इंग्लंडात मेण वितळवावे लागले, ते विदर्भाच्या बागांत आंबिया बहाराला, जानेवारी-फेब्रुवारीत, मुबलक फुलते. शेतकरी ते तोडू देणार नाही, कारण प्रत्येक फूल म्हणजे त्याला एक संत्रे दिसते!

१९६३ सालच्या ४ डिसेंबरला द्वितीय व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला, आणि त्यात ट्रेंटचे ते चारशे वर्षांपूर्वीचे वचन पुन्हा उच्चारले. वसईचे बागायतदार पहाटेच्या गाडीने मोगरा आणि सोनचाफा दादरच्या बाजारात पोचवीत आले आहेत. पास्कानंतरच्या लग्नसराईत मोगरा ऐन भरात असतो. राहता राहिला पळस. पास्काचा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. २००८ साली तो २३ मार्चला आला, २०२४ साली ३१ मार्चला. अशा वर्षी अष्टक संपताच कोणी अड्याळच्या वाटेने गेले, तर एखाद्या पळसावर शेवटची फुले सापडतील.