‘माणूस’ बोलपट : एका चित्रणाचा साधनविचार

बखर वाचतांना तींतील सर्वच मजकूर घडला असें आपण मानीत नाहीं. लिहिणाराचा पक्ष आधीं पाहतों. बोलपट हेंहि अलीकडच्या काळाचें साधन होय, व त्यासहि हीच कसोटी लावली पाहिजे. वेश्येचें चित्रण हें तिचें चांगलें उदाहरण आहे.

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या ‘देवदास’ (१९१७) कादंबरीवरून न्यू थिएटर्सनें १९३५ सालीं बोलपट काढला. त्यांतील चंद्रमुखी प्रेमास्तव धंदा सोडते. तरी नायकाचें मन कुलीन पार्वतीपाशींच राहतें. वेश्या एक तर घर बुडविणारी, नाहीं तर त्यागाची मूर्ति, असे दोनच सांचे अशा कथांनीं रूढ केले.

पुण्याच्या प्रभात कंपनीचा ‘माणूस’ (१९३९) हा ‘देवदास’च्या निराशेस उत्तर म्हणून निघाला, असें सांगतात. दिग्दर्शक व्ही. शांताराम, मैना शांता हुबळीकर व शिपाई गणपत शाहू मोडक. येथील मैना रडवी नाहीं. ती हजरजबाबी, व्यवहारी व स्वाभिमानी आहे. सांचा येथें बराच मोडला. परंतु गणपत तिला आईच्या भेटीस नेतो, तेव्हां त्या मायाळू घरांतच तिला आपली अपात्रता बोचते व ती निघून जाते. अखेर खुनाच्या आरोपावरून ती तुरुंगांत जाते. म्हणजे घराचा उंबरठा ह्याहि कथेंत तिला लाभला नाहीं.

कलंक मैनेच्या मनांत दिसतो. तो तेथें कोणीं नेऊन ठेविला, हें पडदा सांगत नाहीं. तें सरकारी कागद सांगतात. १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्यानें वेश्यांची नोंदणी व वैद्यकीय तपासणी सक्तीची केली. हेतु गोऱ्या शिपायांचें व खलाशांचें आरोग्य राखण्याचा. परंतु शिक्का बसला तो केवळ बायकांवर. गिऱ्हाइकांची ना नोंद, ना तपासणी. कायदा १८८८ सालीं रद्द झाला, शिक्का उरला.

तो किती खोल होता तें चित्रपटाच्या जन्मकथेंतच दिसतें. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) करितां फाळक्यांस वेश्यावस्तींतूनहि नटी मिळाली नाहीं, व तारामती अण्णा साळुंके यांस व्हावें लागलें, असें चरित्रकार लिहितात. समाजानें दूर सारलेल्या स्त्रियांनाहि पडद्यावर येणें कमीपणाचें वाटावें, ह्याहून बोलका पुरावा कोणता?

१९ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ह्या स्त्रियांचा सन्मानानें जगण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला. इतिहासलेखकावरहि तेंच ऋण आहे. बोलपटांच्या कथासार-पुस्तिका व भित्तिपत्रें आपण हौसेनें जमवितों. त्यांच्या शेजारीं नोंदणीचे कागद, कोर्टांतील जबान्या व अर्जहि जपून ठेवावे. पुस्तिकेंत ह्या स्त्रीविषयीं इतरांचें मत सांपडतें. तिचा स्वतःचा शब्द सांपडलाच, तर तो अर्जांत व जबानींतच सांपडेल.