'इन्फ्लेमेबल मटेरियल' : बेलफास्टची साक्ष

आज आपण उत्तर आयर्लंडच्या संघर्षाकडे एका तबकडीच्या वाटेने जाऊ. बेलफास्टच्या 'स्टिफ लिटल फिंगर्स' या पंक बँडचा हा पहिला अल्बम, फेब्रुवारी १९७९ चा. 'इन्फ्लेमेबल मटेरियल', म्हणजे ज्वालाग्राही पदार्थ. नाट्यसंगीतावर कान तयार झालेल्या आमच्यासारख्यांना पहिल्यांदा हा निव्वळ आरडाओरडा वाटतो, हे कबूल. पण थोडं थांबून ऐकावं.

१९६८ ते १९९८ या तीस वर्षांत या संघर्षाने साधारण साडेतीन हजार माणसं गिळली. एकीकडे ब्रिटनमध्येच राहू इच्छिणारे, बहुतेक प्रोटेस्टंट. दुसरीकडे अखंड आयर्लंड मागणारे, बहुतेक कॅथलिक. मध्ये ब्रिटिश लष्कर. बेलफास्टच्या बाजारपेठेभोवती लोखंडी फाटकं होती, आत जाताना झडती. गाणारेही सुटले नाहीत. ३१ जुलै १९७५ ला मायामी शोबँड कार्यक्रम करून परतत होता. खोट्या लष्करी नाक्यावर त्यांची गाडी अडवली आणि तिघा वादकांना ठार केलं. या बँडमध्ये दोन्ही पंथांचे लोक होते. त्यानंतर बाहेरचे कलाकार तिकडे फिरकेनासे झाले. १९७७ मध्ये 'द क्लॅश' आले, पण विम्याच्या घोळात कार्यक्रमच रद्द झाला.

अशा शहरात ही चार पोरं 'हायवे स्टार' या नावाने दुसऱ्यांची गाणी वाजवत होती. गॉर्डन ओगिल्वी नावाच्या वार्ताहराने त्यांना सुचवलं, तुम्ही जगता त्यावर लिहा ना! पुढे गायक जेक बर्न्सबरोबर तो स्वतःही गाणी लिहू लागला. इथेच वाद पेटला. पत्रकाराने लिहिलेला संताप पोरांचा कसा? दंगलीचं भांडवल करता का?

आमच्या मते हा प्रश्न साक्षीचा आहे. जबानी लिहून घेतो हवालदार, पण ती साक्षीदाराची असते. (हवालदाराच्या भाषेवर शंका घेतात, ती घ्यावीच!) आम्ही इतकंच पाहतो, की बोलणाऱ्याने काय पणाला लावलं? 'वेस्टेड लाइफ' हे गाणं ऐका. हाती बंदूक घेऊन कुणाचा तरी सैनिक व्हायला त्यातला मुलगा साफ नकार देतो. कोणत्या संघटनेचा, ते सांगत नाही. म्हणून ते दोन्हीकडच्यांना झोंबतं. बंदूकवाले शेजारच्या गल्लीत राहत असताना हे म्हणायचं, म्हणजे खेळ नव्हे.

बॉब मार्लीचं 'जॉनी वॉज'ही इथे आहे. भरकटलेल्या गोळीने मेलेल्या मुलाची आई त्यात रडते. बर्न्सने ती जमैकातून बेलफास्टला आणली, आठ मिनिटांहून लांब. ते परकं वाटत नाही.

उलट डेरीचे 'द अंडरटोन्स' बघा. १९७२ मध्ये त्यांच्याच गावात लष्कराने मोर्चावर गोळ्या झाडल्या, त्या दिवशी तेरा माणसं मेली. तरी त्यांची त्या काळातली गाणी पोरींची, उन्हाळ्याची. ही पळवाट होती, असं आम्ही म्हणणार नाही. सामान्य तारुण्य मागणं हाही तिथे हट्टच होता.

'रफ ट्रेड' या छोट्या कंपनीने काढलेला हा अल्बम ब्रिटनच्या यादीत चौदाव्या क्रमांकावर गेला. बेलफास्टच्या 'हार्प बार'मध्ये तोवर दोन्ही पंथांची पोरं एकत्र नाचत होती.