भोंगा, बातम्या आणि हजेरीचा आकडा

लालबाग-परळला गिरणी संपाबद्दल विचारत फिरलात, तर एक वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल: "तेव्हा रेडिओ-टीव्ही सरकारचेच, आमचं कोण सांगणार?" वाक्य वहीत लिहून घ्या, पण लगेच निष्कर्षात टाकू नका. मी पहिल्या वर्षी नेमकं तेच केलं होतं. गाइडनी एवढंच विचारलं, "पक्षपात होता म्हणतोस, मोजलास कसा?"

आधी वस्तुस्थिती बघू. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साठेक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटींचा हक्क होता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. म्हणजे ज्यांच्यामागे गर्दी, ते कागदावर कुणीच नव्हते! पक्ष, मध्यस्थ, कंपनीचे ताळेबंद यांना वळसा घालून थेट कामगाराशी बोलायचं, ही सामंतांची रीत. आज ज्याला आपण लोकानुनयी राजकारण म्हणतो, त्याच्या ती बरीच जवळची आहे. (जवळची म्हणतोय, तीच म्हणत नाही.)

दुसरीकडे आकाशवाणी आणि दूरदर्शन, दोन्ही केंद्राच्या ताब्यात. केंद्रात काँग्रेस, राज्यात काँग्रेस, मान्यताप्राप्त युनियनही काँग्रेसच्याच वळणाची. खासगी वाहिन्या नव्हत्याच. त्यात आणीबाणीची आठवण ताजी. त्या काळातल्या माध्यमांच्या गैरवापरावर १९७७ मध्ये जनता सरकारने श्वेतपत्रिका काढली होती. संशयाला जागा भरपूर होती. पण संशयाला जागा असणं वेगळं आणि बातमी चुकीची असणं वेगळं.

मी सायन्सचा, म्हणून मला हे वजनकाट्यावरून समजतं. काटा कधी थोडं जास्त, कधी थोडं कमी दाखवतो, ती साधी चूक. प्रत्येक वेळी पाच ग्रॅम जास्तच दाखवत असेल, तर त्याचं शून्यच सरकलंय. पक्षपात म्हणजे हे दुसरं. एका चुकीच्या बातमीने तो सिद्ध होत नाही. उलट, सगळ्या बातम्या खऱ्या असूनही तो असू शकतो, कारण काय सांगायचं नाही हेही कुणीतरी ठरवतच असतं.

संपात खरं भांडण होतं हजेरीच्या आकड्यावर. समजा बातमी आली, 'अमुक गिरणीत दोन हजार कामगार कामावर.' आकडा दिला कुणी? मालकांनी, मान्यताप्राप्त युनियनने की पोलिसांनी? त्यात बदली कामगार धरलेत का? कारकून, वॉचमन? आणि दोन हजार कितीपैकी? फक्त कायम माणसं धरली तर टक्केवारी एक येते, बदली मिळवले की दुसरी. आकडा तोच, चित्र पार वेगळं.

चाळीतल्या माणसाचा पुरावा म्हणजे भोंगा आणि गेट. तोही तपासायचाच. भोंगा वाजला म्हणजे साचे चालू झाले असं नाही. आपल्या गेटवर शुकशुकाट, म्हणून भायखळ्याच्या गिरणीतही तसाच, हेही नाही. शिवाय संप लांबला तसे कितीतरी कामगार गावी निघून गेले, कुणी कोकणात, कुणी घाटावर. समोर बसलेले काका त्या महिन्यात मुंबईत होते की गावी, हे विचारल्याशिवाय "मी रोज बातम्या ऐकायचो" याला वजन देऊ नका. मी हा प्रश्न मुलाखतीच्या यादीत फार उशिरा घातला. त्यामुळे सुरुवातीच्या मुलाखती पुन्हा कराव्या लागल्या.

आणखी एक अडचण. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्यामुळे 'संप संपला' ही बातमी कुठल्या तारखेला खरी आणि कुठल्या तारखेला खोटी, हे ठरवायला तुमची व्याख्या तुम्हालाच आधी लिहावी लागते.

डिसेंबर १९८४ मध्ये, देशभर काँग्रेसची लाट असताना, मुंबई दक्षिण मध्य मतदारसंघाने सामंतांना लोकसभेवर पाठवलं. 'संप फसला म्हणणाऱ्या बातम्या खोट्या होत्या' याचा पुरावा म्हणून मी हे प्रकरणात लिहिलं होतं. मग खोडलं. तेव्हा मत देणारा माणूस त्याआधीच कामावर परतलेला असू शकतो. पोटासाठी गिरणीत, मताला डॉक्टर.